कुत्र्याचा दाखला

गेल्या हिवाळ्यात पुण्यात एका मैदानावर कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मी काही कुत्री बघायला गेलो नव्हतो, मांडवाच्या कामावर गेलो होतो. मी गोदीतला माणूस. मुंबईच्या धक्क्यावर कंत्राटात माल चढवतो-उतरवतो, आठवड्याची पाळी संपली की ताडीवाला रोडला घरी येतो. रविवारी हात रिकामा दिसला की कुणीतरी दोस्त रोजावर ओढून नेतो. त्या दिवशी नेलं ते आमच्या एका बेरड मित्रानं. तो इथं बिगारी काम करतो. मूळचा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, जिथं एका बांधावर महाराष्ट्र संपतो आणि पुढच्या बांधावर कर्नाटक सुरू होतं.

बांबू उतरवून झाले, खुर्च्या मांडून झाल्या. मग आम्ही दोरीच्या बाहेर उभे राहिलो. आत टाय लावलेला परीक्षक. एकेक कुत्रं पुढं येतं, परीक्षक ओठ वर करून दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, मांड्या दाबून बघतो, मालक कुत्र्याला गोल पळवतो. लोक टाळ्या वाजवतात. तेवढ्यात एक उंच, सडपातळ, पोट पाठीला लागलेलं मातकट कुत्रं आत आलं, आणि आमचा मित्र दोरीवर ओणवाच झाला. म्हणाला, "आयला, हे तर आमचं कुत्रं!"

कर्ण्यावर नाव पुकारलं. कॅराव्हॅन हाउंड.

जेवणाच्या सुट्टीत मित्र त्या मालकाकडं गेला. मालक भला माणूस होता, खोटं कशाला बोला. त्यानं कुत्र्याला हात लावू दिला, कागदसुद्धा दाखवला. त्या कागदावर कुत्र्याचा बाप, आई, आजा, आजी, पणजा, सगळ्यांची नावं. तीन पिढ्या, शिक्क्यानिशी. मित्र म्हणाला, माझ्या आज्याकडं असलंच होतं, सशामागं सोडायचा. मालकानं सहज विचारलं, "त्याचे कागद होते का?"

मित्र हसला. मी नाही हसलो. कारण हा माझा मित्र तीन वर्षं जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालतोय, ते मी बघतोय. विमुक्त जातीच्या माणसाला महाराष्ट्रात दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा रहिवासाचा पुरावा लागतो. याचं घराणं सत्तरच्या सुमाराला बेळगावकडून अलीकडं आलं. म्हणजे दहा वर्षं उशीर. शाळेचा दाखला नाही, कारण शाळेत कुणी गेलं नाही. सातबारा नाही, कारण जमीन नाही. पणज्याचं नाव एकाच सरकारी वहीत होतं, पोलिसांच्या हजेरीच्या. जातीसकट होतं. ती वही आता सापडत नाही म्हणतात.

कुत्र्याला पणजा आहे. माणसाला नाही. या एका गोष्टीवरच मला आज लिहायचंय, आणि जमलं तर थोडं आपल्याच लोकांशी भांडायचंय.

मराठीत माणसाला आणि कुत्र्याला जात हा एकच शब्द आहे. इंग्रजीत दोन आहेत. आपल्याकडं जातिवंत कुत्रा, जातिवंत घोडा, जातिवंत गवई. आणि जात नसली की कुत्रं गावठी नाहीतर भटकं. भटका कुत्रा आणि भटकी जमात. विशेषण तेच, म्युनिसिपालिटीची गाडी तीच. मनूनं ही वाटणी फार आधी करून ठेवली होती. चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावं आणि कुत्री-गाढवं एवढीच त्यांची संपत्ती असावी, असं त्याच्या दहाव्या अध्यायात आहे. बाबासाहेबांच्या साक्षीनं २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जळालं. पण गंमत बघा, मनूनं कुत्रा आमच्या नावावर केला होता. तो चांगला निपजला तेव्हा तोसुद्धा काढून घेतला.

कसा काढून घेतला ते सांगतो.

हे जे कुत्रं, त्याला दख्खनच्या गावांत कारवानी म्हणतात. केसाळ असलं की पशमी. वासावर चालणारी कुत्री वेगळी. हे नजरेवर पळतं. डोकं लांब आणि अरुंद, मान लांब, छाती खोल, पोट आत, पाय काठीसारखे. माळावर ससा उठला की ते दिसेल तोवर पळणार. दिसेनासा झाला की थांबून तुमच्या तोंडाकडं बघणार. उसात त्याचा काही उपयोग नाही, मोकळा माळच लागतो. ससा सरळ पळत नाही, तो दर थोड्या अंतरावर वळण मारतो, आणि कुत्रं आपल्याच वेगानं पुढं निघून जातं. म्हणून जाणता शिकारी दोन सोडतो. एक ससा वळवतो, दुसरं आडवं येतं. हे सगळं मित्रानं मला त्या मैदानावर सांगितलं, हातवारे करून. परीक्षकाला यातलं किती माहीत होतं देव जाणे. म्हणजे देव नाही, पण म्हणायची सवय जात नाही.

असला कुत्रा आपोआप होत नाही. पिढ्यान् पिढ्या कुणीतरी पळणारी कुत्री पळणाऱ्या कुत्रीला दाखवली, बाकीची नाही दाखवली, भाकरीचा तुकडा आपल्या पोराच्या हातातून काढून पिल्लाला घातला, तेव्हा तो होतो. ते कुणी केलं? माळावर फिरणाऱ्यांनी, मेंढरांमागं जाणाऱ्यांनी, शिकारीवर जगणाऱ्यांनी. मुधोळकडं ते बेडरांनी केलं. आपण बेरड म्हणतो, कानडी मुलखात बेडर. असं सांगतात की मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडरांकडं ही कुत्री पाहिली, संस्थानात नेऊन वाढवली, एक जोडी विलायतेच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली आणि बादशहानं त्यांना मुधोळचे हाउंड म्हटलं. झालं. कुत्रं बेडराचं, गाव राजाचं, बारसं बादशहानं केलं. ९ जानेवारी २००५ ला टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे. २०२० साली पंतप्रधानांनी रेडिओवर त्याची तारीफ केली. सैन्यानं घेतलं. मुधोळजवळ तिम्मापूरला त्याच्यासाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. कुत्र्यांच्या दोन मोठ्या संस्थांत नावावरून मतभेद आहेत, एक कॅराव्हॅन म्हणते, दुसरी मुधोळ म्हणते. बेडर हाउंड कुणीच म्हणत नाही.

आता त्याच मुधोळ संस्थानातली दुसरी गोष्ट ऐका. हलगली नावाचं गाव. १८५७ साली कंपनी सरकारनं हत्यारं जमा करायचा हुकूम काढला. हलगलीच्या बेडरांनी हत्यार द्यायचं नाकारलं. ज्याचं पोट भाल्यावर आणि कुत्र्यावर आहे तो भाला कसा देईल? नोव्हेंबरच्या शेवटी फौज आली, गाव जाळलं, आणि डिसेंबरात बेडरांना मुधोळात आणि हलगलीत लोकांदेखत फासावर चढवलं. पुढं याच लोकांवर गुन्हेगार जमात म्हणून शिक्का बसला. १८७१ चा तो कायदा, तुम्हाला पाठ आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला शिक्का पुसला म्हणतात. भीमराव गस्ती यांचं 'बेरड' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आधी ते वाचावं, मग माझं हे पुढं वाचावं.

जाता जाता, घोरपडे या आडनावाची दंतकथा अशी की त्यांच्या एका पूर्वजानं घोरपडीला दोर बांधून किल्ल्याचा कडा सर केला. घोरपडीवरून आडनाव मिळालं तर सरदारकी. घोरपड खाल्ली तर आज तीन ते सात वर्षं.

आमच्या पुण्यानंही शिकारीत मागं राहायचं नाही असं ठरवलं होतं. सवाई माधवरावानं पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना ठेवला, जनावरं पाळली. त्यानंतर गोरे आले. पुणे आणि खडकीच्या छावण्यांत लष्करी अधिकाऱ्यांचा कुत्र्यांचा ताफा होता, पूना अँड किर्की हाउंड्स. इंग्लंडात खोकडामागं कुत्री सोडायची आणि घोड्यावरून धावायचं हा त्यांचा खेळ. इथलं खोकड चिमुकलं, त्यात मजा येईना, म्हणून कोल्ह्यामागं धावायचे. कुत्री खास विलायतेहून बोटीनं यायची, कारण इथल्या उन्हानं आणि रोगानं पटापट मरायची, दरसाल नवी लागायची. बोट लागायची मुंबईला. मी ज्या धक्क्यावर पोतं उचलतो तिथं कधीकाळी साहेबाच्या कुत्र्यांचे पिंजरे उतरत असतील, आणि ते उचलणाराही आपलाच कुणीतरी असेल, असा विचार रात्रपाळीत कधी कधी येतो. क्रेन थांबलेली असते तेव्हा.

आणि हे फक्त आपल्याकडं झालं असं समजू नका. त्याच इंग्लंडात राजाच्या रानाजवळ राहणाऱ्या गरिबाच्या कुत्र्याच्या पुढच्या पायाची तीन नखं छाटायचा कायदा होता, म्हणजे ते कुत्रं राजाच्या हरणामागं पळू नये. १२१७ च्या त्यांच्या रानाच्या सनदेत ती छाटणी लिहिलेली आहे. अमेरिकेत पळून गेलेल्या काळ्या गुलामांच्या मागावर खास शिकवलेली कुत्री सोडायचे. १९६३ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमला शाळेतली काळी पोरं मोर्चात उतरली तर पोलिसांनी त्यांच्या अंगावर कुत्रीच घातली. आपण ज्यांच्यावरून पँथर हे नाव घेतलं त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पोटऱ्यांवर ते दात आहेत.

माझ्या पणज्याच्या मांडीवर होता. दात नव्हे, सुळा. तो गावचा महार. एका इनामदाराच्या शिकारीला हाका घालायला महारवाड्यानं जायचं, हा रिवाज होता. मजुरी नाही, वेठ. डबे बडवत, ओरडत रान उठवायचं, डुक्कर पुढं गेलं की तिकडं बंदुका आणि कुत्री. एकदा डुक्कर मागं फिरलं. त्यानं एका कुत्र्याला उचलून फेकलं आणि पणज्याची मांडी फाडली. कुत्र्याला बैलगाडीत चादर घालून वाड्यावर नेलं. पणज्याला आमच्या लोकांनी घोंगडीत घालून चालत आणलं, गाडीत जागा होती तरी. गाडीत कुत्रं होतं ना, त्याला विटाळ झाला असता. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा शेवटी एक वाक्य हमखास टाकायची, की त्या कुत्र्यानंसुद्धा पणज्याचा हात चाटला होता. मला लहानपणी या वाक्याचा राग यायचा. आता येत नाही. कुत्र्याशी आपलं काही भांडण नाही.

आपलं सगळ्यात जुनं शिकारी कुत्र्याचं प्रकरण आठवा. पांडव शिकारीला गेले, बरोबर कुत्रं. ते रानात पुढं गेलं आणि एका काळ्या, मळक्या निषादाच्या पोराला बघून भुंकलं. पोरानं सात बाण मारून त्याचं तोंड बंद केलं. एकलव्याची गोष्ट सांगताना सगळे अंगठ्यापाशी पोचतात, कुत्र्यापाशी कुणी थांबत नाही. अरे, त्या दिवशी त्या कुत्र्यानं शिकार हेरली ती त्या पोराचीच! हरणाचं काही पुढं येत नाही गोष्टीत. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी धर्मराजाबरोबर एक कुत्रं स्वर्गाच्या दारापर्यंत पोचतं आणि धर्मराज त्याला सोडून आत जायला तयार नाही. कुत्र्यासाठी अडून बसला. अंगठ्यासाठी कुणी अडून बसलं नव्हतं.

आता विद्वानांकडं वळतो. मी मॅट्रिक झालेला माणूस, त्यांच्याशी इंग्रजीत भांडता येत नाही, मराठीत भांडतो. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या दोघांनी आपल्या भागातल्या भटक्यांचा फिरून अभ्यास केला. पुणे जिल्ह्यात इंदापूरजवळ वडापुरीला तिरमल नंदीवाले जमायचे, त्यांची माहिती यांनी गोळा केली. नंदीवाले कुत्र्यांनी शिकार करतात, रानडुक्कर, साळिंदर, घोरपड. फासेपारधी फासे लावतात, हरणं आणि पाखरं. वैदू सापळे लावतात, मुंगूस, रानमांजर. एकाच माळावर तिघं, आणि कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. १९८३ साली त्यांचा निबंध आला. त्यांचं म्हणणं असं की जातिव्यवस्थेनं निसर्ग वाटून दिला म्हणून तो जपून वापरला गेला.

माहिती सोन्यासारखी आहे, तिच्यापुढं मी मान लवतो. दुसरं कोण गेलं होतं नंदीवाल्यांच्या पालात? पण निष्कर्ष माझ्या गळ्याखाली उतरत नाही. घोरपड एकाला, मुंगूस दुसऱ्याला, तित्तर तिसऱ्याला, ही वाटणी झाली खरी, पण या तिघांनी बसून केली का? माळ कुणाचा होता? विहीर कुणाची होती? साळिंदराच्या काट्यांनी ज्याचं कुत्रं रक्तबंबाळ होतं त्यानं आपण होऊन साळिंदर निवडलं, असं कसं म्हणता? गावच्या पंगतीत ज्यांना शेवटी वाढतात तेसुद्धा एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. त्याला जपून खाणं म्हणत नाहीत. उरलेलं खाणं म्हणतात.

मग १९७२ उजाडलं. ज्या वर्षी मुंबईत पँथर जन्मली त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. शिकार म्हणजे काय, याच्या व्याख्येत मारणं आलं, पकडणं आलं, फासे आले, सापळे आले, हाका घालणं आलं आणि कुत्री मागं लावून धरणंही आलं. म्हणजे पारध्याचं, वैदूचं, नंदीवाल्याचं आणि बेरडाचं अख्खं कसब एका कलमात बसलं. आणि ज्याच्याकडं बंदूक आणि ओळख होती त्याला पुढं १९९१ पर्यंत शिकारीचा परवाना मिळत होता. फासे लावणाऱ्यानं परवान्याचा अर्ज कोणत्या भाषेत लिहायचा? १९९८ साली जोधपूरकडं काळवीट मारल्याच्या खटल्यात एका नटाला २०१८ साली पाच वर्षांची शिक्षा झाली आणि तिसऱ्या दिवशी जामीन झाला. माझ्या मित्राचा चुलता एका सशापायी किती दिवस आत होता ते इथं लिहीत नाही, त्यानं लिहू नको म्हणून सांगितलंय.

इथं कुणी म्हणेल, मग काय पुन्हा शिकार सुरू करायची? नाही. साफ नाही. माळावर काळवीट किती उरलंय ते मला दिसतं. पुणे-सोलापूर रस्त्यानं जाताना जिथं माळ होता तिथं आता प्लॉट आहेत. ससा जगू द्या, घोरपड जगू द्या, कोल्हा जगू द्या. बुद्धाचं नाव घेणाऱ्यानं याच्यावर दुसरं काही बोलूच नये. पण कायदा करणाऱ्यानं ज्याच्या हातातला फास काढून घेतला त्याच्या हातात काय दिलं, एवढं विचारायचं की नाही? कोल्हापूरचे शाहू महाराज स्वतः शिकारीचे भयंकर शौकीन. चित्ते पाळायचे काळविटासाठी. त्या शौकाचं मला कौतुक नाही, महाराजांचं नाव घेताना हात जोडतो तरी नाही. पण या शौकीन माणसाला रानात फासेपारधी भेटला तेव्हा त्याला त्याच्यात चोर दिसला नाही, आपल्यापेक्षा हुशार शिकारी दिसला. १९१८ साली त्यांनी या जमातींची हजेरी बंद केली, राहायला जागा दिली, हाताला काम दिलं. शंभर वर्षं उलटली. एका संस्थानिकाला जमलं ते लोकशाहीला अजून निम्मंसुद्धा जमत नाही. आधी जमीन, आधी काम, आधी दाखला, आणि मग फासाला बंदी, हा क्रम होता. आपण शेवटचं पहिलं केलं आणि पहिलं केलंच नाही.

आता आपल्या पोरांकडं येतो. हेच लिहायला बसलो होतो खरं तर.

वस्तीत हल्ली दोन-चार पोरांनी शिकारी कुत्री आणलीत. कारवानी, कुणी ग्रेहाउंडचा संकर. पोरं आपली, निळा झेंडा खांद्यावर घेणारी, चौदा एप्रिलला घसा फुटेस्तोवर घोषणा देणारी. रात्री मोटारसायकली काढतात, सासवडकडं नाहीतर दौंडकडं जातात, डोक्याला बॅटरी, आणि सशामागं कुत्री सोडतात. मोबाईलवर रीळ काढतात. रिळाखाली लिहितात, जातिवंत. मागं गाणं लावतात वाड्यावरचं, खानदानी मर्दांचं.

मी एकाला विचारलं, बाबा, जातिवंत म्हणजे काय? तो म्हणाला, प्युअर. मी म्हटलं, प्युअर म्हणजे? म्हणाला, "भेसळ नाही रक्तात. कागद आहेत कुत्र्याचे." अरे, रक्तात भेसळ नको म्हणूनच तर आपल्याला विहिरीवर येऊ देत नव्हते! भेसळ नको म्हणून आजही प्रेम केलेल्या पोराला रस्त्यात कोयत्यानं तोडतात. कागद आहेत म्हणे. ज्याच्या बापजाद्यांनी हे कुत्रं घडवलं तो माझ्या शेजारी उभा आहे, त्याचे कागद नाहीत, आणि तू त्याच्या कुत्र्याचे कागद घेऊन मला खानदान शिकवतोस? पोर गप्प बसलं. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. मग घरी आला, चहा प्याला, म्हणाला, दादा, रीळ काढून टाकलं, पण कुत्रं काही मी सोडणार नाही. मी म्हटलं, सोडू नको. त्याला माळावर पळव, नदीकाठानं पळव. त्याचं पळणं बघायला मला बोलव.

आणि आपल्या काही थोरल्यांनाही सांगायचंय. मी शाखेच्या बैठकीत हा दाखल्याचा विषय काढला तर एक साथी म्हणाले, भटक्या-विमुक्तांच्या संघटना वेगळ्या आहेत, त्यांचं ते बघतील, आपले प्रश्न काय कमी आहेत? दादा, माफ करा, पण हे तर त्या वडापुरीच्या माळासारखं झालं. तुमचं मुंगूस तुम्ही धरा, आमची घोरपड आम्ही धरतो. ही वाटणी आपण कधीपासून मानायला लागलो? त्यात सीमा तर इतकी गमतीची आहे की माझा मित्र चार कोस दक्षिणेला राहिला असता तर कर्नाटकात नायक म्हणून अनुसूचित जमातीत बसला असता. इकडं तो विमुक्त जात, आणि ६१ नंतर आलेला म्हणून तेही नाही. माणसाची जात नदी ओलांडली की बदलते. कुत्र्याची बदलत नाही, कागद दोन्हीकडं चालतो.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही मांडव उतरवला. त्या मातकट कुत्र्याला दुसरा नंबर मिळाला होता. परीक्षकानं म्हणे शेपटीचा बाक थोडा कमी सांगितला. मित्र सारा रस्ता चिडलेला होता. म्हणाला, शेपटी बघतात काय, माळावर सोडून बघा म्हणावं. मग स्टेशनजवळ आल्यावर म्हणाला, त्या मालकानं फोन नंबर दिलाय, पुढच्या वितीतलं एक पिल्लू देतो म्हणाला. फुकट. कागदासकट.

मी विचारलं, घेणार का? तो म्हणाला, पिल्लू घेतो, कागद त्यालाच ठेव म्हणतो.

त्याच्या दाखल्याची पुढची तारीख येत्या सोमवारची आहे, सकाळी अकराची, तालुक्याच्या गावी. या वेळी गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब आणि देवळाच्या वर्गणीची जुनी यादी मिळाली आहे. त्या यादीत त्याच्या आज्याचं नाव आहे, चार आण्यांसकट. एकट्यानं गेलं की खिडकीतून परत पाठवतात, दहाजण गेले की बसायला सांगतात, हा अनुभव. मी दोन पाळ्या सोडून येतोय. रविवारी रात्री दहाला स्वारगेटला कोल्हापूरच्या फलाटावर भेटायचं. तिकिटाचे पैसे ज्याचे त्यानं आणावेत, भाकरी मी आणतो.